सुपरहिरोच्या सबबी: ॲनिमेशन मालिका नायकाला जाब विचारायला कशा शिकल्या

जुन्या अमेरिकन कार्टूनमधली मारामारी बहुतेक वेळा रिकाम्या गोदामात किंवा निर्मनुष्य ग्रहावर व्हायची. भिंत कोसळली तरी तिच्याखाली कोणी सापडत नसे. पुढच्या आठवड्यात शहर पुन्हा जसंच्या तसं उभं असायचं. त्या पडलेल्या भिंतीचा हिशेब नायकाकडे मागायचा, हे टीव्हीवरच्या ॲनिमेशनला सुचायला आणि परवडायला कित्येक दशकं लागली.

या प्रवासाकडे बघताना मला नायकाच्या चुकांपेक्षा त्या चुकांसाठी दिलेल्या सबबी जास्त बोलक्या वाटतात. सुरुवातीला नायक चुकतच नव्हता. मग तो चुकू लागला, पण दर वेळी काहीतरी आड यायचं. ते स्वप्न निघायचं, समांतर दुनिया निघायची, नाहीतर कोणीतरी त्याच्या मनाचा ताबा घेतलेला असायचा. या सबबी एकेक करून गळत गेल्या आणि तिथून खरी गोष्ट सुरू झाली.

मुळाशी छापील कॉमिक्स आहेत. १९५४ साली अमेरिकी सिनेटच्या उपसमितीने बालगुन्हेगारी आणि कॉमिक्स यांच्या संबंधावर सुनावण्या घेतल्या. सरकारी बंधनं येण्याच्या धास्तीने प्रकाशकांनी त्याच वर्षी स्वतःवरच 'कॉमिक्स कोड' लादून घेतला. पोलीस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी यांच्याबद्दल अनादर वाटेल असं काही दाखवायचं नाही, सत्प्रवृत्तीचाच विजय झाला पाहिजे, अशी त्यातली कलमं होती. नायक व्यवस्थेच्या बाजूचा आणि व्यवस्था कायम बरोबर, असा हा मामला. १९६२ मध्ये स्पायडरमॅन आला तो अपराधीपणा घेऊन. त्याने सोडून दिलेला चोरच पुढे त्याच्या काकांचा खून करतो. पण तो मनस्ताप त्याचा एकट्याचा होता. मनात झुरणं वेगळं आणि चारचौघांसमोर उत्तर देणं वेगळं. दुसरी गोष्ट टीव्हीवर यायला अजून बराच अवकाश होता.

१९६६ मध्ये सीबीएसवर सुपरमॅनची कार्टून मालिका गाजली आणि शनिवारची सकाळ सुपरहिरोंनी भरून गेली. दोनच वर्षांत वारं फिरलं. १९६८ च्या जूनमध्ये रॉबर्ट केनेडींची हत्या झाली. टीव्हीवरच्या हिंसेविरुद्ध देशभर ओरड सुरू झाली, आणि त्याच वर्षी पेगी चॅरेन यांनी मुलांच्या कार्यक्रमांसाठी झगडणारी पालकांची संघटना काढली. वाहिन्यांनी हाणामारीच्या मालिका आवरत्या घेतल्या. १९७३ मध्ये एबीसीवर 'सुपर फ्रेंड्स' आली तेव्हा त्यातले सुपरमॅन आणि बॅटमॅन कोणाला ठोसासुद्धा मारत नव्हते. या मालिकेतली एक गोष्ट मला फार विचार करण्यासारखी वाटते. तिच्या पहिल्या पर्वातले खलनायक बरेचदा हेतू चांगला पण मार्ग चुकलेला अशा जातीचे शास्त्रज्ञ होते. नायक त्यांना समजावून सांगत आणि ते सुधारत. म्हणजे भल्या माणसाच्या हातूनही चूक होते हे मुलांना दाखवायला कोणाची हरकत नव्हती. ती चूक नायकाची नसली की झालं.

१९८३ मध्ये आलेल्या 'ही-मॅन'चे एका पर्वात ६५ भाग होते. आठवड्यातले पाच दिवस, असे तेरा आठवडे. स्थानिक वाहिन्यांना हे भाग विकले जायचे आणि ते कोणत्याही क्रमाने लागले तरी चालले पाहिजेत, अशीच त्यांची रचना असे. म्हणून सोमवारी घडलेल्या गोष्टीचा मागमूस मंगळवारी राहत नसे. याच मालिकेच्या एका भागात ही-मॅनला वाटतं की आपल्या हातून एका निरपराध माणसाचा जीव गेला. तो हादरतो, आपली तलवार खोल दरीत फेकतो, शक्ती सोडून देतो. लहान मुलांच्या मालिकेच्या मानाने हे धाडसच होतं. शेवटी मात्र कळतं की कोणी मेलंच नव्हतं, सगळा स्केलेटर या खलनायकाचा डाव होता. त्याचा पश्चात्ताप खरा, पण ज्याबद्दल पश्चात्ताप करायचा ते घडलेलंच नाही. ही सबब पुढे बरीच वर्षं टिकली.

१९९२ च्या सप्टेंबरमध्ये फॉक्स वाहिनीवर 'बॅटमॅन: द ॲनिमेटेड सिरीज' सुरू झाली. ब्रूस टिम, एरिक राडोम्स्की, पॉल डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नायकाला काळोखाबरोबर शंकाही दिली. बॅटमॅनचे मित्र, पोलीस कमिशनर गॉर्डन यांना गोळी लागते तेव्हा बॅटमॅन स्वतःला दोषी मानतो आणि हे काम सोडायला निघतो. १९९४ च्या 'ट्रायल' या भागाने तर सरळ खटलाच मांडला. अर्कहॅमच्या वेड्यांच्या इस्पितळात कैदी बॅटमॅनला पकडतात, जोकर न्यायाधीशाच्या खुर्चीत बसतो, आणि आरोप ठेवला जातो की आमच्यासारखे लोक बॅटमॅनमुळेच तयार झाले. त्याचा बचाव करायला उभी राहते जॅनेट व्हॅन डॉर्न. ही खरी सरकारी वकील आणि आरोपही मूळचा तिचाच. निकाल बॅटमॅनच्या बाजूने लागतो. हा भाग मी कितीही वेळा बघायला तयार आहे, पण त्यातली पळवाटही दिसते. प्रश्न रास्त आहे, विचारणारे मात्र गुन्हेगार. जोकरने विचारलेल्या प्रश्नाला कोण गंभीरपणे घेणार?

१९९८ च्या 'ओव्हर द एज' या बॅटमॅनच्याच भागात विचारणारा माणूस बदलतो. बॅटमॅनची साथीदार बॅटगर्ल मरते, ती आपलीच मुलगी होती हे गॉर्डनना कळतं, आणि ते आपल्या मित्राच्या मागे पोलीस लावतात. एका बापाचा संताप इतक्या थेटपणे मुलांच्या टीव्हीवर क्वचितच आला असेल. पण शेवटी बॅटगर्ल जागी होते. सगळं स्केअरक्रो या खलनायकाच्या भीतीच्या वायूने पाडलेलं स्वप्न होतं.

त्याच मंडळींच्या सुपरमॅन मालिकेचा शेवट २००० साली 'लेगसी' या दोन भागांच्या कथेने झाला. डार्कसाइड हा खलनायक सुपरमॅनच्या मनाचा ताबा घेतो आणि त्याच्याकरवी पृथ्वीवर हल्ला करवतो. पुन्हा सबब आहेच. पण त्यात एक बारीकसा प्रसंग येतो. भानावर आलेला सुपरमॅन जखमी सुपरगर्लला घेऊन आपल्या जुन्या मित्राकडे, प्रोफेसर हॅमिल्टनकडे जातो आणि तिच्यावर उपचार करावेत म्हणून त्यांना धमकावतो. त्या क्षणी त्याच्या मनावर दुसऱ्या कोणाचाही ताबा नसतो. बघताना हा प्रसंग सहज निसटून जातो. लेखक मात्र तो विसरले नाहीत.

२००१ मध्ये कार्टून नेटवर्कवर सुपरमॅन, बॅटमॅन वगैरे नायकांच्या संघाची 'जस्टिस लीग' ही मालिका सुरू झाली आणि २००४ मध्ये तिचंच रूपांतर 'जस्टिस लीग अनलिमिटेड'मध्ये झालं. मधल्या काळात, २००३ मध्ये, 'अ बेटर वर्ल्ड' ही कथा आली. समांतर दुनियेतला सुपरमॅन राष्ट्राध्यक्ष झालेल्या आपल्या जुन्या शत्रूला, लेक्स ल्युथरला, ठार मारतो आणि तिथले नायक जगावर हुकूमत गाजवू लागतात. तिथला बॅटमॅन इथल्या बॅटमॅनला पटवतो की आमच्या जगात कोणा पोराचे आईबाप रस्त्यावरच्या गुंडाच्या गोळीने मरत नाहीत. आणि इथला बॅटमॅन निरुत्तर होतो. पण ते वाईट नायक दुसऱ्या दुनियेतले होते, असं म्हणून सुटायला जागा होती.

'अनलिमिटेड'मधल्या कॅडमस कथेने हीच जागा बंद केली, आणि म्हणून या सगळ्या इतिहासाचा सांधा मला तिथे दिसतो. अमांडा वॉलर ही सरकारी अधिकारी लीगच्या विरोधात कॅडमस नावाचा गुप्त प्रकल्प चालवते. तिच्याकडे दाखवायला दोन उदाहरणं आहेत: 'लेगसी'मधला हल्ला आणि समांतर दुनियेतले ते हुकूमशहा. आधीच्या मालिकांनी ज्या गोष्टी सबबीखाली झाकल्या होत्या त्याच आता पुरावा म्हणून पुढे येतात. त्या वेळी तुझ्या मनावर ताबा होता हे मान्य, पण पुढच्या वेळी काय, असा तिचा रोख आहे. तुमच्या अवकाशातल्या तळावर एक प्रचंड तोफ आहे आणि ती खाली पृथ्वीकडे रोखता येते, हेही खोटं नाही. आणि हॅमिल्टन? ते कॅडमसमध्ये जाऊन मिळालेले असतात. सुपरमॅन त्यांना जाब विचारायला जातो तेव्हा ते त्या जुन्या धमकीची आठवण करून देतात.

'क्लॅश' या भागात सुपरमॅनला ल्युथरच्या नव्या वसाहतीखाली बॉम्ब असल्याची खात्री वाटते. लीगमधलाच कॅप्टन मार्व्हल त्याला थांबवू पाहतो, दोघांच्या झुंजीत वसाहतीची धूळधाण होते, आणि ते यंत्र वीजनिर्मितीचं निघतं. सापळा ल्युथरने लावला होता हे खरं, पण घाई, संशय आणि ठोसा सुपरमॅनचाच होता. मुळात लहान मुलगा असलेला कॅप्टन मार्व्हल लीगला सुनावतो की मी ज्यांना आदर्श मानत होतो ते तुम्ही राहिला नाहीत, आणि निघून जातो. इथे स्वप्न नाही, जुळी दुनिया नाही. पुढे ल्युथर ती तोफ ताब्यात घेऊन कॅडमसच्या तळावर डागतो. तेव्हा लीगचे संस्थापक आधी मदतीला धावतात आणि मग स्वतःहून सरकारच्या स्वाधीन होतात. एकटा बॅटमॅन नकार देतो.

या पर्वाच्या मुख्य लेखकांपैकी एक होते ड्वेन मॅकडफी. १९८९ मध्ये त्यांनी मार्व्हलसाठी 'डॅमेज कंट्रोल' हे कॉमिक सुरू केलं होतं. सुपरहिरोंच्या लढाईनंतर मोडतोड निस्तरणाऱ्या कंपनीची ती विनोदी कथा. पडलेल्या भिंतीचं काय होतं, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात फार आधीपासून होता. कॅडमस कथेच्या शेवटाबद्दल माझी तक्रार आहे. सुपरमॅन लीग बरखास्त करायला निघतो, लीगमधला ग्रीन ॲरो त्याचं मन वळवतो आणि लीग टिकते. म्हणजे लीगबद्दलचा निर्णय अखेर लीगनेच घेतला. तरीही तिथवर जाण्याची हिंमत त्याआधीच्या कुठल्याही अमेरिकन कार्टूनने दाखवली नव्हती, असं मी ठामपणे म्हणेन.

अमेरिकेत हे घडायच्या बरंच आधी जपानमध्ये एका मालिकेने सबबीची फिकीरच केली नव्हती. १९७७ ची 'झँबोट ३', दिग्दर्शक योशियुकी तोमिनो. तशी ही राक्षसी यंत्रमानव चालवणाऱ्या पोरांची मालिका, नेहमीच्या अर्थाने सुपरहिरोंची नव्हे. पण त्यात लढाईने घरदार गमावलेले लोक परग्रहावरच्या शत्रूपेक्षा नायकाच्या कुटुंबावर चिडतात. तुम्ही इथे आहात म्हणून ते इथे येतात, असं म्हणून त्यांना हाकलतात. शेवटी शत्रूचा संगणक विचारतो की या लोकांनी तुमचे आभार तरी मानले का. मुलांसाठी काढलेल्या मालिकेत सामान्य नागरिकाचा राग इतक्या लवकर आणि इतक्या सरळ आला याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

जपानी ॲनिमेने पुढे या प्रश्नाला कचेरी आणि नियमावली दिली. २०११ च्या 'टायगर अँड बनी'मध्ये नायकांच्या अंगावर प्रायोजकांची बोधचिन्हं असतात आणि मोडतोड करणाऱ्या वाइल्ड टायगरला भरपाईसाठी न्यायाधीशासमोर उभं राहावं लागतं. तोच न्यायाधीश रात्री मुखवटा चढवून गुन्हेगारांना ठार करतो. २०१६ पासूनच्या 'माय हिरो ॲकॅडेमिया'त परवाना आहे, क्रमवारी आहे, आणि पहिल्या क्रमांकावर पोचलेला एन्डेव्हर हा नायक आहे. त्याने स्वतःच्या बायकामुलांना छळलेलं असतं. मेला समजलेला थोरला मुलगा हे सगळं जगासमोर उघड करतो. त्यानंतर एन्डेव्हर पत्रकार परिषदेत लोकांसमोर बसतो. लढाईत झालेली चूक आणि घरात केलेला अत्याचार यांना एकाच तराजूत न घालण्याचं भान ही मालिका बऱ्याच अंशी राखते.

अमेरिकेत २०१० च्या 'यंग जस्टिस'ने हा धागा मनाच्या पातळीवर नेला. त्यातली नायिका मिस मार्शन शत्रूंच्या मनात घुसून माहिती ओरबाडते आणि त्यांना उद्ध्वस्त अवस्थेत सोडते. एकदा ती आपल्या जुन्या मित्राचं मन असंच चिरडते आणि नंतर तिला कळतं की तो निर्दोष होता. इथे तिचा ताबा कोणी घेतलेला नसतो, उलट तीच दुसऱ्याच्या मनाचा ताबा घेते.

मग आली 'इनव्हिन्सिबल', मार्च २०२१ मध्ये, प्राइम व्हिडिओवर. रॉबर्ट कर्कमन यांच्या २००३ च्या कॉमिकवर आधारलेली. स्ट्रीमिंगमुळे भाग क्रमानेच बघितले जाणार हे गृहीत धरता आलं आणि वाहिनीच्या सेन्सॉरचा धाक उरला नाही. ऑम्नी-मॅन हा सर्वांत ताकदवान नायक पहिल्याच भागात आपल्या साथीदारांना ठार करतो, आणि पर्वाच्या शेवटी आपल्या मुलाला, मालिकेचा नायक असलेल्या मार्कला, शिकागोमध्ये इमारतींतून फेकतो आणि भरधाव रेल्वेच्या समोर धरून ठेवतो. हजारो माणसं मरतात. रक्ताचं एवढं प्रदर्शन गरजेचं होतं का, यावर वाद होऊ शकतो. मला त्यापेक्षा पुढची दोन पर्वं महत्त्वाची वाटतात, कारण ती शिकागो विसरत नाहीत.

२०२५ च्या तिसऱ्या पर्वात पॉवरप्लेक्स येतो. शिकागोत त्याची बहीण आणि छोटी भाची गेलेली असतात आणि तो मार्कला जबाबदार धरतो. आता मार्कची सबब बघा. त्याला त्याच्या बापाने मारून अर्धमेला केलं होतं आणि त्याचं शरीर त्या संहाराचं हत्यार झालं होतं. यातला शब्द न शब्द खरा आहे. आजवर सबबी लेखकांनी सोयीसाठी पुरवल्या होत्या. ही खरी आहे आणि तरीही समोरच्या माणसाला ती पुरत नाही. मार्क माफी मागतो. पॉवरप्लेक्सच्या सूडापायी त्याची स्वतःची बायको आणि बाळ जीव गमावतात, आणि त्याचाही दोष तो मार्कलाच देतो. मालिका दोघांपैकी कोणालाही पूर्ण बरोबर ठरवत नाही. पण एक गोष्ट ती नीट दाखवते: या माणसाने आपलं गाऱ्हाणं घेऊन जायचं तरी कुठे? वाइल्ड टायगरच्या शहरात निदान न्यायाधीश होता. इथे नायकांवर लक्ष ठेवणारी, सेसिल या सरकारी अधिकाऱ्याची संस्था गुप्तपणे काम करते, खुनी माणसांना सुधारून पुन्हा कामावर घेते आणि मार्कच्याच डोक्यात यंत्र बसवून ठेवते. तिथे सुनावणीची सोय नाही, आणि पुढच्या पर्वांच्या लेखकांनी ती कुठून तरी काढावी अशी माझी मनापासून इच्छा आहे.