कल्टार कलमात नेमकं काय करतं?

जुलै-ऑगस्टात पावसाने जरा उघडीप दिली की रत्नागिरी-देवगडकडे हापूसच्या कलमांभोवती छोटे छोटे खड्डे घेऊन कल्टार या वाढ रोखणाऱ्या औषधाचं पाणी ओततात. कलमाने नुसती पालवी न काढता मोहोर धरावा, एवढ्यासाठी. कल्टारमधलं पॅक्लोब्युट्राझोल झाडाला जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक पुरेसं बनवू देत नाही, हे बरेच बागायतदार सांगतील. पण जिबरेलिन घटलं की वाढ का अडते? मला सगळ्यात मोहवते ती ही पुढची गोष्ट.

वनस्पतीच्या पेशीत डेला नावाची प्रथिनं वाढीला लगाम घालून बसलेली असतात. जिबरेलिन आलं की त्याचा ग्राही, म्हणजे त्याला ओळखणारं प्रथिन, डेलाला धरतो आणि एन्झाइमं डेलावर युबिक्विटिन चढवतात. युबिक्विटिन हे जेमतेम ७६ अमिनो आम्लांचं प्रथिन. त्याची साखळी अंगाला लागली की प्रोटिएझोम हे पेशीतलं प्रथिनं मोडणारं यंत्र डेलाचे तुकडे करतं, लगाम सुटतो. कल्टार घातलं की डेलाला ही साखळी फारशी लागत नाही. हा उलगडा मुख्यतः भात आणि अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या छोट्या रोपावर झाला. भातातला ग्राही २००५ मध्ये सापडला. हरितक्रांतीतला बुटका गहूही याचाच मासला: त्याचं बदललेलं डेला जिबरेलिनला दाद देत नाही.

युबिक्विटिन चढवायला एन्झाइमं तीन लागतात. ई१ एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं इंधन, खर्चून युबिक्विटिन उचलतं, ई२कडे सोपवतं, आणि कोणावर चढवायचं ते ई३ ठरवतं. माणसात ई१ दोनच, ई२ चाळीसच्या आसपास, ई३ मात्र सहाशेच्या वर. खरी पारख ई३चीच.

मुळात युबिक्विटिनचं हे काम कळलं ते सशाच्या कोवळ्या रक्तपेशींच्या अर्कातून. सिखॅनोव्हर आणि हर्ष्को यांनी अर्काचा एक भाग उकळला. बाकीची प्रथिनं अंड्यासारखी साकळली, पण प्रथिनं मोडायला लागणारा, ते शोधत असलेला घटक निवळीत शाबूत राहिला. तोच युबिक्विटिन! २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्या दोघांना आणि अर्विन रोझ यांना मिळालं.

एखाद्या प्रथिनावर युबिक्विटिन चढतं का, हे पाहायचा प्रयोग आजही साधाच आहे. नळीत तिन्ही एन्झाइमं, युबिक्विटिन, एटीपी आणि ज्याची परीक्षा घ्यायची ते प्रथिन. थोडा वेळ ऊब, मग प्रथिनं वजनानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर. जड रेणू वर अडकतात, हलके खाली उतरतात. एटीपी नसलेल्या नळीत त्या प्रथिनाची एकच रेघ दिसते. शेजारच्या नळीत तिच्यावर पायऱ्या चढलेल्या असतात, दर पायरी साधारण साडेआठ किलोडाल्टनची (हे रेणूंच्या वजनाचं माप), म्हणजे एका युबिक्विटिनची, आणि वर जाता जाता त्या एकमेकींत मिसळून काळा पट्टा होतो.