घराच्या आवारातील वृक्षनिगा आणि वृक्षतोड (इंदूर)

घराच्या आवारातील मोठी झाडे तपासणे, छाटणे, त्यांना आधार देणे आणि दुसरा उपाय नसेल तेव्हा ती सुरक्षितपणे काढणे, हे माळीकामापेक्षा वेगळे कसब आहे. त्यासाठी झाडाच्या वाढीची जाण लागते, तसेच उंचीवर दोर, आरी आणि वजन हाताळण्याचा सरावही लागतो. इंदुरात नवलखा भागाचे नाव तिथल्या नऊ लाख झाडांवरून पडले असे सांगतात. आज शहरातली बरीच जुनी झाडे खासगी आवारांत आहेत. लोकमान्य नगर, सुदामा नगर यांसारख्या वसाहतींत आंबा, कडुलिंब, जांभूळ, गुलमोहर, उंच अशोक आणि मराठी घरांत आवर्जून राखलेला औदुंबर दिसतो.

माळव्याची काळी माती या कामात फार महत्त्वाची आहे. ती उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. भिंतीजवळचे मोठे झाड मातीतले पाणी शोषते, त्यामुळे पाया असमान खचून भिंतीला तिरप्या चिरा पडू शकतात. याच कारणाने जुने झाड एकदम काढणेही धोक्याचे ठरते. शोषण थांबल्यावर माती पुन्हा ओल धरून फुगते आणि फरशी वर उचलली जाते. म्हणून चिरा दिसताच झाड तोडू नये. आधी फुटकी पाइपलाइन, छताचे पाणी आणि पायाची खोली तपासावी. काळ्या मातीचा थर पातळ असून खाली कठीण मुरूम किंवा बेसाल्ट असेल, तर मुळे खोल जात नाहीत. अशी झाडे जूनच्या पहिल्या वादळात माती भिजलेली असताना मुळासकट उलटतात. बहुतेक झाडांची पोषक मुळे वरच्या 60 सेंटीमीटरांत असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात. त्यामुळे पार्किंगसाठी बुंध्यापर्यंत सिमेंट ओतले की झाडाचा ऱ्हास सुरू होतो, मात्र तो दिसायला काही वर्षे जातात. राष्ट्रीय हरित अधिकरणाने 2013 मध्ये दिल्लीत झाडांभोवती एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. घरीही निदान एवढी माती उघडी ठेवावी.

तपासणी जमिनीपासून सुरू करतात. बुंध्याशी कठीण, पंख्यासारखी बुरशी असेल तर मुळे किंवा बुंध्याचा गाभा कुजत असण्याची दाट शक्यता असते. गुलमोहरात हे वारंवार आढळते. एका बाजूची जमीन फुगून मातीला नवी भेग पडली असेल, तर झाड नुकतेच कलले आहे असे समजावे. वर्षानुवर्षे तिरपे वाढलेले झाड त्या मानाने स्थिर असते. खोडावर लाकडी हातोडा ठोकला की पोकळ भाग ढब ढब वाजतो. ढोली आहे म्हणून झाड बाद होत नाही. निरोगी लाकडाचे कडे त्रिज्येच्या सुमारे 30 टक्क्यांपेक्षा पातळ झाले, की धोका वाढला असे मानतात. म्हणजे 60 सेंटीमीटर व्यासाच्या खोडात निदान 9 सेंटीमीटर घट्ट लाकूड हवे.

सर्वांत जास्त नुकसान चुकीच्या छाटणीने होते. पावसाळ्याआधी झाडाचा शेंडा आणि सगळ्या जाड फांद्या उडवून मुंडण करण्याची पद्धत सर्रास दिसते. त्याने झाड सुरक्षित होत नाही. कापलेल्या ठोकळ्यांत कूज शिरते आणि त्याच टोकांवर दाट, उभे धुमारे फुटतात. हे धुमारे फक्त वरच्या लाकडाला चिकटलेले असल्याने दोन-चार वर्षांत जड होऊन वाऱ्यात निखळतात. शिवाय मे महिन्याच्या उन्हात उघडी पडलेली साल भाजते. एका वर्षात जिवंत पालवीचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग काढू नये. म्हाताऱ्या झाडाचा त्याहूनही कमी काढावा.

जाड फांदी तीन कापांत काढतात. पहिला काप खोडापासून 30 ते 45 सेंटीमीटरांवर, खालून, जाडीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून. फांदी इथे तुटते आणि खालच्या कापामुळे साल खोडापर्यंत सोलत जात नाही. तिसऱ्या कापाने उरलेला खुंट काढतात. फांदी खोडाला मिळते तिथे सालीची फुगीर गोल कड असते. काप या कडेला लागून, पण तिच्या बाहेर घ्यायचा. कड कापली तर जखम भरत नाही आणि लांब खुंट ठेवला तर तो कुजतो. अमेरिकी वृक्षशास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी शेकडो खोडे उभी चिरून दाखवले, की झाड कुजका भाग आतून भिंती घालून वेगळा करते. त्यामुळे डांबर किंवा ऑइल पेंट फासण्याचा उपयोग नाही. आंब्याला डिंक्या रोग असेल तेव्हा बोर्डो पेस्ट (मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 10 लिटर) लावतात, ती गोष्ट वेगळी. बांडगूळ मात्र फक्त खुडून जात नाही. ते जिथे चिकटले असेल, त्याच्या खाली सुमारे एक फूट अंतरावर फांदीच कापावी लागते.

तोडण्यासाठी आधी परवानगी लागते. मध्य प्रदेशातल्या शहरी भागात 2001 च्या वृक्ष परिरक्षण अधिनियमानुसार खासगी आवारातले झाडही वृक्ष अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय तोडता येत नाही. अर्जासोबत झाडाचे सगळ्या बाजूंनी फोटो आणि नेमके कारण द्यावे. तारा जवळ असतील तर वीज कंपनीकडून पुरवठा बंद करून घ्यावा आणि तो बंद झाल्याची खात्री झाल्याशिवाय कुणालाही वर चढवू नये. ओली फांदी आणि भिजलेला दोर यांतूनही करंट उतरतो. घरट्यात अंडी किंवा पिल्ले असतील तर काम पुढे ढकलावे.

वस्तीत अख्खे झाड आडवे पाडायला जागा नसते, म्हणून शेंड्याकडून तुकड्यांत उतरवतात. ओल्या लाकडाचे वजन घनमीटरला टनाच्या आसपास असते. 20 सेंटीमीटर जाडीची तीन मीटर फांदी 80 ते 100 किलो भरते आणि सुटून पडताना दोरावर त्याच्या कित्येक पट झटका येतो. म्हणून दोर हाताने न धरता बुंध्याला वेढे देऊन त्या घर्षणावर हळूहळू सोडतात. मोकळी जागा असेल तिथे पडायच्या बाजूला व्यासाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतकी खाच घेतात. मागचा काप खाचेच्या तळापेक्षा थोडा वर घेऊन मध्ये व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढे लाकूड न कापता ठेवतात. 40 सेंटीमीटरच्या खोडात ही पट्टी 4 सेंटीमीटर. तीच झाडाला दिशा देते. ती आरपार कापली गेली की झाड कुठेही वळते.

उरलेल्या खुंटावर रॉकेल किंवा अ‍ॅसिड ओतू नये. बोअरिंगचे पाणी आणि शेजारची झाडे दोन्ही बिघडतात. खुंट खणून काढावा, किंवा जमिनीलगत कापून मातीखाली कुजू द्यावा. वाड्याच्या भिंतीत उगवलेला पिंपळ वरून छाटला तर पुन्हा फुटतो. सांध्यातले दगड किंवा विटा सोडवून मूळ काढावे लागते आणि जागा चुन्याच्या गाऱ्याने भरावी लागते. लाकूड नेताना, विशेषतः सागवान असेल तर, वन विभागाचा वाहतूक परवाना जवळ असावा.