दुसऱ्या फटक्याने स्मृती परत येत नाही
आमच्या गोव्यात फोंड्याकडच्या गावांत जत्रेला मराठी नाटक हवंच. त्यात नायकाची गेलेली स्मृती डोक्यावर दुसरा मार बसताच परतली की टाळ्या पडतात. सिनेमानेही हेच मनावर ठसवलंय. पण हे खोटं आहे, आणि घातकही.

डोक्याला मार लागल्यावर माणूस सहसा स्वतःचं नाव, आईचा चेहरा विसरत नाही. पुसला जातो तो अपघाताच्या आगेमागेचा काळ. शिवाय नवं काही लक्षात राहत नाही, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. अमेरिकेतल्या हेन्री मोलेसन यांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी पक्क्या करणाऱ्या भागाचा, मोठा हिस्सा १९५३ साली अपस्मारावरच्या शस्त्रक्रियेत काढला गेला. त्यांना नाव आठवे, बालपण आठवे. पण नुकताच भेटलेला माणूस थोड्याच वेळात अनोळखी होई. २००८ मध्ये निधन होईपर्यंत हेच चाललं.

आणि दुसरा मार? पहिली इजा भरून येण्याआधी तो बसला, तर मेंदूला सूज येऊन जीवही जाऊ शकतो. स्कूटरवरून पडलेला पोरगा तेच तेच विचारू लागला, ओकू लागला, तर लगेच १०८ ला फोन करा, बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, न्या. त्याला गदागदा हलवू नका, टपली तर मुळीच मारू नका. कळकळीने सांगते.