‘स्पायडरमॅन ३’मधली गर्दी नेमकी आली कुठून?

४ मे २००७ रोजी ‘स्पायडरमॅन ३’ अमेरिकेतल्या ४,२५२ चित्रपटगृहांत लागला आणि शुक्रवार ते रविवार या तीन दिवसांत त्याने १५ कोटी ११ लाख डॉलरचा गल्ला जमवला. तोवर कुठल्याही चित्रपटाने तीन दिवसांत एवढी कमाई केली नव्हती. पुढच्या शुक्रवार-रविवारी आकडा आला ५ कोटी ८२ लाखांवर, म्हणजे साठ टक्क्यांहून जास्त घट. २००२ साली पहिल्या भागाचा गल्ला दुसऱ्या आठवड्यात ११ कोटी ४८ लाखांवरून ७ कोटी १४ लाखांवर उतरला होता. ती घट होती साधारण ३८ टक्के. पहिले तीन दिवस जाहिरात आणि आधीच्या भागांची पुण्याई यांवर निघतात. दुसऱ्या आठवड्याची तिकिटं मात्र पाहून आलेला माणूस घरी जाऊन काय सांगतो त्यावर खपतात.

तिसरा भाग पाहून आलेला माणूस बहुधा एकच सांगत होता: खलनायक फार झाले. तक्रार खरी आहे, पण अर्धीच. कारण गर्दी पहिल्या दोन भागांतही होती. फरक एवढाच की तिथे ती कागदावर होती आणि चित्रीकरणाच्या आधी कोणीतरी ती कमी केली होती.

हे समजायला थोडं मागे जावं लागतं. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिट्को यांचा स्पायडरमॅन ऑगस्ट १९६२च्या एका कॉमिकच्या अंकात पहिल्यांदा छापला गेला, पण मोठ्या पडद्यावर नीट यायला त्याला चाळीस वर्षं लागली. १९८५ साली कॅनन फिल्म्सने हक्क घेतले, पुढे ते कॅरोल्कोकडे गेले, जेम्स कॅमेरॉन यांनी सविस्तर आराखडा लिहिला, मग कंपन्या बुडाल्या आणि प्रकरण कोर्टकचेऱ्यांत अडकलं. १९९९ साली हक्क सोनीकडे आले, तेव्हा कॅमेरॉन यांचा आराखडाही हाताशी होता. त्यात दोन खलनायक होते, इलेक्ट्रो आणि सँडमॅन यांच्या धर्तीवरचे. पटकथाकार डेव्हिड केप यांनी त्यांच्या जागी दुसरी जोडी बसवली: मुख्य ग्रीन गॉब्लिन आणि त्याच्या जोडीला डॉक्टर ऑक्टोपस. दिग्दर्शक सॅम रेमी यांनी त्यातला ऑक्टोपस काढून टाकला. गॉब्लिन, म्हणजे नॉर्मन ऑसबॉर्न, हा पीटरच्या (म्हणजे स्पायडरमॅनच्या) जिवलग मित्राचा बाप, आणि पीटरला तो पोटच्या मुलापेक्षा जास्त मानतो. बाप-मुलाच्या या नात्यात सिनेमाचा जीव आहे, हे रेमींनी हेरलं होतं.

दुसऱ्या भागाच्या वेळी हेच पुन्हा घडलं. आल्फ्रेड गॉफ आणि माइल्स मिलर यांनी सुरुवातीला ज्यावर काम केलं त्यात डॉक्टर ऑक्टोपस, लिझार्ड आणि ब्लॅक कॅट असे तिघं होते. पुढे मायकेल शेबॉन यांचा खर्डा आला आणि शेवटची पटकथा ॲल्विन सार्जंट यांनी लिहिली. पडद्यावर उरला एकटा ऑक्टोपस. लिझार्डचं काय झालं पाहा: तो पीटरच्या कॉलेजात शिकवणारा, एक हात नसलेला प्राध्यापक कॉनर्स म्हणून मोजक्या प्रसंगांत दिसतो आणि निघून जातो. जाणकाराला खूण पटते, बाकीच्यांना एक प्राध्यापक दिसतो, कथेची मिनिटं खर्च होत नाहीत. जादा पात्राला दाराबाहेर बसवून ठेवण्याची यापेक्षा चांगली रीत नाही.

वाचलेली मिनिटं कुठे गेली तेही पाहावं. ‘स्पायडरमॅन २’मध्ये पीटरपुढे एकच प्रश्न आहे: स्वतःचं आयुष्य जगायचं की अंगावर पडलेली जबाबदारी निभवायची? आल्फ्रेड मोलिना यांचा ऑटो ऑक्टेवियस, म्हणजेच डॉक्टर ऑक्टोपस, याच प्रश्नाची दुसरी बाजू आहे. हुशारी आहे, प्रेमळ बायको आहे, स्वप्नही आहे आणि त्या स्वप्नाच्या हट्टापायी सगळं जातं. बँकेतल्या मारामारीत मे काकू सापडते, रेल्वेच्या प्रसंगात मुखवटा उतरलेल्या पीटरला अनोळखी प्रवासी डोक्यावरून आत नेतात, आणि शेवटी ऑक्टेवियस स्वतःच्या हाताने यंत्र बुडवतो. प्रत्येक मारामारी त्या एकाच प्रश्नाला हात घालते. दृश्य परिणामांचं ऑस्करही याच भागाला मिळालं.

आता तिसरा भाग. सॅम रेमी आणि त्यांचे भाऊ आयव्हन यांनी कथेचा जो पहिला विचार केला तो आटोपशीर होता. पीटरला स्पायडरमॅन म्हणून लोकांचं कौतुक मिळू लागलंय आणि ते डोक्यात जातंय. आपण निर्मळ आणि गुन्हेगार तेवढे वाईट, असं त्याला वाटतं. हा भ्रम मोडायचा. त्यासाठी सँडमॅन, म्हणजे आजारी मुलीसाठी चोऱ्या करणारा फ्लिंट मार्को. शिवाय बापाचा सूड घ्यायला निघालेला हॅरी ऑसबॉर्न. हॅरीला टाळणं शक्यच नव्हतं: दुसऱ्या भागाच्या शेवटी त्याला बापाचं गुप्त शस्त्रागार सापडलेलं दाखवलं होतं. मागच्या भागाने करून ठेवलेलं हे कर्ज होतं, आणि ते याच भागात फेडायचं होतं. व्हल्चर हा आणखी एक खलनायकही विचारात होता आणि त्यासाठी बेन किंग्जली यांच्याशी बोलणी झाली होती.

निर्माते आवी अराद यांनी मग व्हेनम या खलनायकाचा आग्रह धरला. रेमी साठ-सत्तरच्या दशकांतले अंक वाचून वाढलेले. व्हेनम त्यांच्या काळचा नाही आणि त्यात माणूसपण नाही, म्हणून तो त्यांना आवडतही नव्हता. अराद यांचं म्हणणं होतं की तरुण वाचकांची एक अख्खी पिढी व्हेनमची वाट पाहतेय. त्यात तथ्य होतं. व्हल्चर गेला, व्हेनम आला. ग्वेन स्टेसीही आली. मूळ अंकांत ही मुलगी १९६५ साली आली आणि १९७३ साली तिचा मृत्यू झाला, तेव्हा वाचक हादरले होते. इथे मात्र तिच्या वाट्याला पीटरची प्रेयसी मेरी जेन हिला खिजवण्याचं निमित्त होण्यापलीकडे फारसं काही आलं नाही. ब्राइस डॅलस हॉवर्डसारख्या अभिनेत्रीला इतकं थोडं काम देणं, हे या चित्रपटाचं खरोखर नुकसान आहे.

व्हेनमची गोष्ट घाईत सांगता येत नाही, आणि खुद्द अंकांचा इतिहासच याला साक्षी आहे. स्पायडरमॅनच्या काळ्या पोशाखाची कल्पना हे अंक छापणाऱ्या मार्व्हलने १९८२ साली एका वाचकाकडून २२० डॉलरला विकत घेतली. १९८४च्या मे महिन्यात तो पोशाख अंकात आला. तो पोशाख म्हणजे जिवंत परजीवी आहे हे नंतर उलगडलं, पुढे चर्चच्या घंटेच्या आवाजाने पीटरने तो अंगावरून काढला, आणि पत्रकार एडी ब्रॉकच्या अंगावर चढलेला पूर्ण व्हेनम उभा राहिला तो १९८८च्या मे महिन्यात, तीनशेव्या अंकात. पोशाखापासून व्हेनमपर्यंत चार वर्षं. चित्रपटात हा सगळा प्रवास दीड-पावणेदोन तासांत उरकायचा होता, तोही आणखी तीन धाग्यांबरोबर.

लांबी किती वाढली? पहिला भाग १२१ मिनिटांचा, दुसरा १२७, तिसरा १३९. खर्च १३ कोटी ९० लाख डॉलरवरून सुमारे २० कोटी आणि पुढे २५ कोटी ८० लाखांवर गेला. पैसा पहिल्या भागाच्या जवळजवळ दुप्पट झाला, वेळ मात्र दुसऱ्या भागापेक्षा जेमतेम बारा मिनिटांनी वाढला. सार्जंट यांच्या हे लक्षात आलं होतं. या कथेचे दोन चित्रपट करावेत असा विचार त्यांनी केला, पण पहिला जिथे थांबेल असा कळस मध्ये सापडेना म्हणून तो सोडून दिला. का सापडेना, तेही कळतं. घंटाघरात काळा पोशाख उतरतो तिथे थांबावं, तर व्हेनम नुकता जन्मलेला, सँडमॅनची मुलगी आजारीच आणि हॅरी भाजलेल्या चेहऱ्याने घरात बसलेला. तिघांच्याही गोष्टी एकाच ठिकाणी, पीटरच्या पश्चात्तापाशी येऊन संपणार होत्या.

दाटीवाटीने शिवलेल्या कापडाचे टाके कुठे दिसतात, ते आता नीट पाहता येतं.

हॅरी सुरुवातीलाच पीटरवर हल्ला करतो, डोकं आपटतं आणि त्याची स्मृती जाते. पटकथेच्या हिशेबात हा हॅरीला बाजूला ठेवण्याचा उपाय आहे, कारण दुसऱ्या धाग्यांना जागा हवी होती. परजीवी अवकाशातून उल्केबरोबर येतो आणि नेमका पीटर-मेरी जेन बसलेत त्याच बागेत पडतो; त्याच्या येण्याला कोणाच्या कृतीचं कारण नाही. सँडमॅनचं पीटरशी काही देणंघेणं नव्हतं, म्हणून बेन काकांवर गोळी झाडणारा खरा माणूस तोच होता, असं पोलीस कॅप्टन स्टेसी येऊन सांगतात. यातलं शेवटचं सर्वांत महागात पडलं. पहिल्या भागात पीटर ज्या चोराला हाताशी असून जाऊ देतो तोच काकांना मारतो, म्हणून अपराधीपणा त्याचा स्वतःचा आहे. मारणारा दुसराच ठरला की तो पाया सैल होतो.

पुढे व्हेनम आणि सँडमॅन एका गल्लीत भेटतात आणि दोन-चार वाक्यांत युती करतात. हॅरीचा राग शमवायला त्याचा म्हातारा नोकर बर्नार्ड पुढे येतो: तुमचे वडील स्वतःच्याच ग्लायडरने गेले, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. दोन चित्रपट चाललेलं वैर एका संवादात मिटतं. दोघा मित्रांनी समोरासमोर बसून बोलावं, तर तेवढी मिनिटं शिल्लकच नव्हती. त्यानंतरच्या शेवटच्या लढाईत काय चाललंय हे टीव्हीवरच्या बातमीदाराला सांगावं लागतं.

एवढ्या गर्दीतही सँडमॅनच्या जन्माचा प्रसंग आजही पाहत राहावा असा आहे. वाळूचा ढीग हळूहळू उठतो, कोसळतो, पुन्हा उठतो, आणि मुलीच्या फोटोचं लॉकेट उचलायला हात धडपडतो. एक शब्द नाही. सोनी पिक्चर्स इमेजवर्क्सने त्यासाठी निरनिराळ्या वाळूंच्या चाचण्या घेतल्या, त्या कशा घरंगळतात, आपटल्यावर कशा उडतात ते चित्रित केलं आणि त्यावरून संगणकावरचे कण घडवले. सँडमॅन साकारणारे थॉमस हेडन चर्च आणि इतर नट जिथे वाळूत गाडले जातात तिथे दाणे काढलेली मक्याची कणसं दळून केलेला भुगा वापरला, कारण खऱ्या वाळूची धूळ धोक्याची. या एकाच प्रसंगात कोणाला घाई नाही, म्हणूनच तो इतका उतरला.

भारतात हा भाग इंग्रजीबरोबर हिंदी, तमिळ, तेलुगू आणि भोजपुरीतही आला. मराठीत बोलणारा स्पायडरमॅन चित्रपटगृहात ऐकायला मिळाला तो २०२३ साली, ‘ॲक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ भारतात इंग्रजीसह दहा भाषांत आला तेव्हा.

जगभरची कमाई तिसऱ्या भागाचीच तिघांत सर्वाधिक, सुमारे ८९ कोटी डॉलर. अमेरिकेत मात्र आकडे ४०, ३७ आणि ३३ कोटी असे उतरत गेले. चौथा भाग ठरला, त्यात व्हल्चर परत यायचा होता, पण पटकथा मनासारखी होईना आणि ठरलेली तारीखही गाठता येईना, म्हणून जानेवारी २०१० मध्ये रेमी बाजूला झाले. सोनीने २०१२ साली नव्या नटासह पहिल्यापासून सुरुवात केली. २०१४च्या दुसऱ्या भागात इलेक्ट्रो, हॅरीचा गॉब्लिन, ऱ्हायनो आणि पुढच्या चित्रपटांच्या तयारीची दृश्यं अशी तीच दाटी पुन्हा झाली. जगभरची कमाई ७१ कोटींच्या आसपास थांबली आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये सोनीने मार्व्हल स्टुडिओजशी भागीदारी केली. त्याच २०१४ साली रेमींनी एका मुलाखतीत मान्य केलं की तिसऱ्या भागातल्या सगळ्याच पात्रांवर आपला मनापासून विश्वास नव्हता.

२०२१च्या ‘नो वे होम’मध्ये पाच खलनायक आणि तीन स्पायडरमॅन होते, तरी तो चालला. त्या पाचांची ओळख आधीच्या पाच चित्रपटांनी करून दिली होती. ऑक्टेवियस पुलावर दिसला की प्रेक्षकाला काही सांगावं लागत नव्हतं.

व्हेनमसाठी जागा करून देणारा व्हल्चर २०१७ साली ‘होमकमिंग’मध्ये मुख्य खलनायक म्हणून आला, मायकेल कीटन यांच्या रूपात, आणि पीटरला आवडणाऱ्या मुलीचा बाप निघाला. व्हेनमला २०१८ साली स्वतःचा चित्रपट मिळाला. त्यात स्पायडरमॅन नव्हता.