रजेवरचा कैदी आणि त्याचे घर : फर्लो, पॅरोल आणि परिवीक्षेची पार्श्वभूमी

१९५९ साली त्या वेळच्या मुंबई राज्याने फर्लो आणि पॅरोलचे, म्हणजे शिक्षा चालू असताना कैद्याला काही दिवस घरी सोडणाऱ्या दोन रजांचे नियम केले. त्यात एक अट अशी होती की, कैद्याला रजेच्या काळात घरात ठेवून घ्यायला तयार असलेला आणि त्याच्यासाठी जामीनखत लिहून देणारा नातेवाईक असेल तरच फर्लो मिळेल. घरच्यांशी नाते टिकावे म्हणून रजा, आणि घरच्यांनी हमी घेतली तरच रजा. आईवडील गेले, भावांनी संबंध तोडले, बायको माहेरी निघून गेली, अशा कैद्याला या रजेची गरज सगळ्यांत जास्त असते आणि तिच्यापर्यंत पोचणे त्यालाच सगळ्यांत अवघड जाते. नियमांत पुढे कितीतरी दुरुस्त्या झाल्या, पण ही अडचण मुळातली आहे.

१८९४ च्या कारागृह अधिनियमात रजा हा प्रकार नव्हताच. मुलाखतीबद्दल कलम ४० होते, तेही दिवाणी कैदी आणि खटला चालू असलेले कच्चे कैदी यांच्यापुरते. शिक्षा लागलेल्याने घरच्यांना कधी आणि किती वेळा भेटायचे, हे प्रांतांच्या जेल मॅन्युअलवर आणि अधीक्षकाच्या मर्जीवर सोडलेले होते. तुरुंगांचा विचार करणाऱ्या १९१९-२० च्या कार्ड्यू समितीने तुरुंगाचा हेतू सुधारणा हाही असावा असे म्हटले. तरी शिक्षा भोगत असताना कोणाला काही दिवस घरी सोडायचे तर हाताशी मार्ग एकच होता : १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४०१, म्हणजे शिक्षा तहकूब करण्याचा सरकारचा अधिकार. तोच अधिकार १९७३ च्या संहितेत कलम ४३२ झाला आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४७३ आहे. ही सरकारची कृपा होती, आणि कृपेचा हा वास पॅरोलला अजून येतो.

याच काळात आपल्याकडे एक वेगळी वाटही निघाली होती. औंध संस्थानाने १९३९ च्या सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत वसवली. त्यामागे पोलंडमधून आलेले अभियंता मॉरिस फ्रीडमन होते. भिंत नाही, शेती करायची, आणि कैद्याला बायकामुलांसह राहण्याची मुभा. व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’मुळे ही वसाहत देशभर ठाऊक झाली. चित्रपटातला जेलर लोकांच्या लक्षात राहिला. कुटुंबासह शिक्षा भोगण्याची कल्पना मात्र सांगली जिल्ह्याच्या त्या कोपऱ्यापलीकडे फारशी गेली नाही. सरकारने मोठ्या प्रमाणावर स्वीकारला तो रजेचा मार्ग.

१९५९ च्या नियमांनी दोन रजा केल्या. फर्लो म्हणजे संचित रजा. तिला कारण द्यावे लागत नाही. ठरावीक शिक्षा भोगून झाली आणि वागणूक बरी असली की ती मागता येते. मूळ नियमात ती एका वेळी दोन आठवड्यांची होती. पॅरोल म्हणजे अभिवचन रजा, आणि तिला कारण लागते : जवळच्या नातेवाइकाचे गंभीर आजारपण किंवा मृत्यू, घर पडणे, पूर, आग. हिशोबातला फरक घरच्यांना बहुधा उशिरा कळतो. फर्लोचे दिवस शिक्षेतली माफी म्हणून धरले जातात, म्हणजे ते शिक्षेतून वजा होतात. पॅरोलचे दिवस धरले जात नाहीत, तेवढे दिवस सुटका पुढे जाते. म्हणूनच फर्लो बसत असताना घाईघाईने पॅरोलचा अर्ज करणे बहुतेक वेळा तोट्याचे ठरते.

१९६० मध्ये राज्य विभागले, तरी नियम दोन्हीकडे चालू राहिले. त्यामुळे या विषयावरचे महत्त्वाचे निकाल मुंबईइतकेच अहमदाबादहूनही आले. नियम १७ स्पष्ट सांगतो की, या नियमांमुळे कैद्याला फर्लोचा कायदेशीर हक्क मिळत नाही. दुसरीकडे सर्वोच्च न्यायालयाने सुनील बत्रा (१९८०) आणि फ्रान्सिस कोराली मुलिन (१९८१) या निकालांत घरच्यांची भेट घटनेच्या अनुच्छेद २१ शी, म्हणजे जगण्याच्या हक्काशी जोडली. या दोन टोकांमध्ये न्यायालये वाट काढत आली आहेत. फर्लोचा उद्देश कुटुंबाशी सातत्य राखणे आणि सलग तुरुंगवासाचे दुष्परिणाम टाळणे हा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. तरीही २०२१ मध्ये गुजरातच्या नारायण साई प्रकरणात फर्लो हा निरपवाद हक्क नाही असेच म्हटले. हे तत्त्व झाले. व्यवहारात विचारला जाणारा प्रश्न एवढाच असतो : नाकारताना अधिकाऱ्याने जे कारण लिहिले, त्याला कागदावर आधार आहे का?

कारण अर्ज अडतो तो कागदावरच. कैदी अर्ज अधीक्षकांकडे देतो. फर्लोचा निर्णय विभागाचे कारागृह उपमहानिरीक्षक घेतात. पॅरोलचा निर्णय परंपरेने विभागीय आयुक्तांकडे असतो. त्याआधी कागद कैदी जिथे राहणार त्या पोलीस ठाण्याकडे जातो. ठाण्याचा अंमलदार जामीनदाराचा जबाब घेतो, पोलीस पाटलाला विचारतो, फिर्यादीच्या बाजूचे म्हणणे नोंदवतो. मग अहवालात ते ठरलेले वाक्य उतरते : ‘सदर कैद्यास सोडल्यास शांततेचा भंग होण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ कोणाचा जबाब, कोणती घटना, काही नाही. नुसत्या अशा शक्यतेवर रजा नाकारता येत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने अनेक प्रकरणांत सांगितले आहे. तरी वाक्य पुढच्या अहवालात जसेच्या तसे येते. फिर्यादी त्याच गावात असेल तर अर्जात सुरुवातीलाच दुसऱ्या गावच्या नातेवाइकाचा पत्ता आणि त्याचीच हमी द्यावी. निम्मा आक्षेप तिथेच संपतो. पॅरोलच्या अर्जात दुसरी नेहमीची चूक असते ती वैद्यकीय दाखल्याची. दाखल्यावर आजाराचे नाव असते, पण तो गंभीर का आहे, शस्त्रक्रिया कोणत्या तारखेला आहे आणि घरात करणारे दुसरे कोणी आहे का, यातले काहीच नसते. अर्ज फेटाळायला तेवढे पुरते.

मंजुरी आल्यावर जातमुचलका (स्वतःचे हमीपत्र) आणि जामीन भरला की कैदी बाहेर येतो. तो दिलेल्या पत्त्यावरच राहतो आणि आदेशात लिहिले असेल तशी पोलीस ठाण्यात हजेरी देतो. पत्ता साताऱ्यातल्या गावचा असेल आणि बायकामुले मुंबईत, तर त्यांनीच गावी यायचे; त्याने परवानगीशिवाय मुंबई गाठली तर तो शर्तभंग. उशिरा परतल्यास एकेका दिवसामागे पाच दिवसांपर्यंत माफी कापली जाऊ शकते, गुन्हाही दाखल होतो, जामीनदाराच्या रकमेवर गदा येते, आणि पुढची रजा अवघड होते. रजा वाढवून हवी असेल तर मुदत संपण्याच्या पुरेसे आधी अर्ज द्यावा. नुसता अर्ज दिला म्हणजे मुदत वाढली असे होत नाही, आणि इथे पुष्कळ जण फसतात.

नियमांची दिशा दोन वेळा झपाट्याने बदलली. २०१६ मध्ये आईच्या आजाराच्या कारणावरून नाशिकच्या कारागृहातून पॅरोलवर सुटलेला खुनाच्या गुन्ह्यातला एक कैदी परतला नाही. गदारोळ झाला आणि त्याच वर्षी नियम कडक करून काही गंभीर गुन्ह्यांतल्या कैद्यांना रजेची दारे बंद करण्यात आली. जवळच्या माणसाच्या मृत्यूसाठी किंवा मुलाबहिणीच्या लग्नासाठी तातडीचा पॅरोल मात्र वेगळा ठेवला गेला. मृत्यूच्या कारणासाठी तो देण्याचा अधिकार अधीक्षकांकडे आहे, कारण अंत्यविधी आयुक्तालयाच्या टपालासाठी थांबत नाही. मग ८ मे २०२० रोजी कोरोनामुळे नियम १९ मध्ये नवी तरतूद आली : सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्यांना ४५ दिवसांचा पॅरोल, गरजेनुसार ३०-३० दिवसांची वाढ, त्याहून मोठी शिक्षा असल्यास आधीच्या दोन रजांवरून वेळेत परतल्याची अट. एरवी घरी राहण्याचा धोका तोलणारी यंत्रणा तेव्हा गर्दीने भरलेल्या बराकीचा धोका तोलत होती.

जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर आलेला अर्ज वेगळाच होता. मुलगा शिकायला ऑस्ट्रेलियाला निघाला होता. पैशांची तजवीज करायला आणि निरोप द्यायला बापाला पॅरोल हवा होता. अशा कारणासाठी पॅरोल मिळत नाही, असे सरकारचे म्हणणे. दुःख वाटून घ्यायला सोडता, तर आनंदासाठी का नाही, या अर्थाचा विचार मांडून न्यायालयाने रजा दिली. नियमांतली कारणांची यादी किती रडवेली आहे, हे या एका प्रकरणात दिसले.

परिवीक्षेचा, म्हणजे प्रोबेशनचा इतिहास वेगळा आहे. मुंबई प्रांताने १९३८ मध्येच स्वतःचा कायदा केला, केंद्राचा १९५८ चा. इथे माणूस तुरुंगात जातच नाही. केंद्राच्या कायद्यातल्या कलम ४ खाली चांगल्या वागणुकीच्या तीन वर्षांपर्यंतच्या बंधपत्रावर तो घरीच राहतो. तरीही न्यायालय राहण्याच्या जागेबद्दल अट घालू शकते, आणि कोणाला भेटू नये असेही सांगू शकते. भाऊ परजिल्ह्यात आजारी पडला, बायकोची नोकरी बदलली, तर न विचारता निघू नये. परिवीक्षा अधिकाऱ्याकडे लेखी जावे, कारण कलम ८ खाली अट बदलण्याचा अर्ज न्यायालयात तोच करतो. महाराष्ट्रात हे अधिकारी गृह खात्याचे नसून महिला व बालविकास विभागाचे आहेत. लोक पोलीस ठाण्यात खेटे घालत राहतात. पहिल्याच शर्तभंगाला बंधपत्र कायम ठेवून ५० रुपयांपर्यंत दंड करण्याची सोय कलम ९ मध्ये आहे. १९५८ पासूनचा हा आकडा गमतीचा वाटेल, पण दुसरा पर्याय मूळ गुन्ह्याची शिक्षा हा असतो.

सगळ्यांत नाजूक प्रकरणे म्हणजे ज्यांत फिर्यादी घरातलाच असतो. बायकोच्या छळाचा किंवा मृत्यूचा गुन्हा, आणि मुले आजोळी. रजेचा किंवा परिवीक्षेचा आदेश मुलांना भेटण्याचा अधिकार देत नाही. त्यासाठी १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाखाली किंवा कौटुंबिक न्यायालयात वेगळा अर्ज करावा लागतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात कलम १८ चा संरक्षण आदेश असेल तर तो रजेच्या काळातही तसाच लागू राहतो, आणि कलम २१ खाली मुलांच्या हिताला बाधा येईल असे वाटल्यास दंडाधिकारी भेट नाकारू शकतात. आजोळच्या दारात जाऊन ‘मला रजा मिळाली आहे’ म्हणणारा बाप त्याच संध्याकाळी पोलीस ठाण्यात बसलेला असतो. तुरुंगातच लहान मुलांना जवळ घेऊ देणारा ‘गळाभेट’ उपक्रम महाराष्ट्रात चालतो. पण मूल ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनी त्याला आणले, तरच ती भेट होते.