तान्ह्या पोळ्याचा बैल आणि पन्नास मीटरचा गॉडझिला

१९५४ सालच्या पहिल्या जपानी ‘गॉडझिला’त त्या राक्षसाची उंची पन्नास मीटर सांगितली आहे. पडद्यावर दिसतो तो मात्र जाड रबरी पोशाख चढवलेला माणूस, पोशाखासकट साधारण दोन मीटरचा. म्हणून टोकियोच्या इमारतीही पंचविसाव्या हिश्शाच्या बांधल्या होत्या.

असा प्राणी खरं तर उभाच राहू शकत नाही. उंची पंचवीसपट केली की वजन २५ × २५ × २५ म्हणजे १५,६२५ पट होतं, पण ते पेलणाऱ्या हाडाचा छेद ६२५ पटच वाढतो. हाडाच्या दर चौरस सेंटिमीटरवर पंचवीसपट भार येतो आणि पहिल्याच पावलाला मांडी मोडते. कथेतलं विज्ञान इथेच कोसळलं. तरीही तो पडद्यावर जड वाटतो, कारण कॅमेऱ्यामागच्या लोकांचं विज्ञान पक्कं होतं. ‘स्टार वॉर्स’, ‘ज्युरासिक पार्क’, ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या मालिका परत बघताना हेच वारंवार दिसतं. कथेत चुका काढायला फार अक्कल लागत नाही. चित्रीकरणाच्या युक्त्या तपासण्यात खरी मजा आहे, आणि त्यातल्या बऱ्याच युक्त्या आंगणात किंवा धुऱ्यावर साध्या मोबाईलने करून बघता येतात.

सगळ्याच्या मुळाशी एक हिशोब आहे. नमुना लहान करता येतो, गुरुत्वाकर्षण लहान करता येत नाही. दहा मीटर उंचीवरून पडलेल्या दगडाला जमिनीवर यायला १.४३ सेकंद लागतात. सोळाव्या हिश्शाच्या नमुन्यात ती उंची ६२.५ सेंटिमीटर होते आणि तिथून पडायला ०.३६ सेकंद पुरतात. उंची सोळापट कमी झाली, वेळ मात्र चौपटच. म्हणजे वेळ प्रमाणाच्या वर्गमुळाने बदलतो. म्हणून सोळाव्या हिश्शाचं दृश्य चौपट वेगाने टिपायचं आणि नेहमीच्या वेगाने दाखवायचं. पंचविसाव्या हिश्शाला पाचपट. सिनेमाचे सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे स्थिर चित्रं, धरले तर गॉडझिलासाठी सेकंदाला १२० फ्रेम होतात. आज हा आकडा दहा-बारा हजारांच्या मोबाईलमध्येही ‘स्लो मोशन’ नावाने सापडतो.

नमुन्याचं साहित्य आपल्याकडे विदर्भात तयार आहे: तान्ह्या पोळ्याचे, म्हणजे मुलांच्या पोळ्याचे, लाकडी बैल. मोबाईलचं स्लो मोशन बहुधा १२० फ्रेम टिपून ३० ने दाखवतं, म्हणजे चौपट. ते सोळाव्या हिश्शाला चपखल बसतं. खरा बैल खांद्याजवळ १३५ सेंटिमीटर धरला तर लाकडी बैल साडेआठ सेंटिमीटरचा हवा. पोळ्याच्या बाजारातले लहान बैल या मापाच्या आसपास असतात. दीड फुटी देखणा नंदी या कामाचा नाही.

मोबाईल उलटा धरा, म्हणजे लेन्स जमिनीलगत येते. ती जमिनीपासून दहा सेंटिमीटरवर ठेवली की ती खऱ्या मापात १६० सेंटिमीटरवर, उभ्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर, येते. नमुने फसण्याचं पहिलं कारण हेच असतं. आपण उभे राहून, वरून शूटिंग करतो, आणि वरून पाहिलेली वस्तू खेळणंच वाटते. बैलापासून अर्धा मीटर दूर बसा, स्क्रीनवर बोट दाबून फोकस पक्का करा, पोर्ट्रेट मोड बंद ठेवा. मागचं धूसर झालं की वस्तू जवळ आहे आणि लहान आहे, हे डोळ्याला लगेच कळतं.

आता बैल दोऱ्याने ओढायचा. खरा बैल सेकंदाला एक मीटर चालतो असं धरू. लांबी सोळापट कमी, वेळ चौपट कमी, म्हणून वेगही चौपटच कमी: सेकंदाला २५ सेंटिमीटर. जमिनीवर एक मीटर अंतरावर दोन खुणा करा आणि बैल चार सेकंदांत एका खुणेपासून दुसरीपर्यंत न्या. हात हमखास झटका देतो, म्हणून दोरा काठीला गुंडाळून काठी फिरवली तर चाल एकसारखी राहते. चाकाखाली हरभऱ्याएवढा खडा आला तर बैल उडतो, आणि तो किती वेळ हवेत राहतो यावरच त्याचं वजन पाहणाऱ्याच्या मनात ठरतं. साध्या व्हिडिओत तो खेळण्यासारखा टणकन आपटतो. २४० फ्रेमवर टिपून ३० ने दाखवला तर उलटं होतं. गुरुत्व चौथा हिस्सा झाल्यासारखं दिसतं आणि बैल जवळपास चंद्रावर चालतो. काही मोबाईलमध्ये २४० हा आकडा नुसता लिहिलेला असतो, मधल्या फ्रेम सॉफ्टवेअर स्वतः रचून भरतं. उडत्या धुळीच्या कडा वितळल्यासारख्या दिसल्या की समजावं.

हे काम सकाळी साडेआठच्या आत उरकावं. एक तर उन्हाळ्यात आपल्याकडचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तापलेला मोबाईल कॅमेराच बंद करतो. दुसरं कारण वाऱ्याचं. वाऱ्याचा वेगही चौपट दिसतो, त्यामुळे सेकंदाला दोन मीटरची मंद झुळूक पडद्यावर आठ मीटरचा जोराचा वारा होते. घरात दिव्याखाली शूटिंग करू नये. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधा एलईडी दिवा सेकंदाला शंभरदा मिणमिणतो. १२० फ्रेमशी त्याचा मेळ बसत नाही आणि चित्र थरथरतं.

धुळीसाठी काळी माती वाळवून, कुटून, वस्त्रगाळ करून घ्या. नुसती चाळलेली माती चालत नाही, कारण दोन मिलिमीटरचा कण पडद्यावर तीन सेंटिमीटरचं ढेकूळ होतो. सिनेमावाले यासाठी वर्षानुवर्षं मुलतानी माती वापरत आले आहेत. चुलीची गाळलेली राखही चालते, फक्त रंग उघडा पडतो.

पाणी मात्र ऐकत नाही. थेंबाचा आकार पृष्ठताण ठरवतो आणि पृष्ठताणाला तुमचा नमुना किती लहान आहे याच्याशी देणंघेणं नसतं. चार मिलिमीटरचा थेंब सोळाव्या हिश्शात साडेसहा सेंटिमीटरचा, म्हणजे संत्र्याएवढा दिसतो. नाल्याच्या पुरात असे गोळे उडताना दिसले की सगळं सोंग संपलं. भांड्याच्या साबणाचे थेंब टाकले तर पृष्ठताण निम्म्याखाली येतो, पण थेंब दोन-तृतीयांशापर्यंतच लहान होतो आणि वर फेस येतो तो वेगळाच. म्हणून पाण्याचा नमुना निदान चौथ्या हिश्शाचा ठेवायची धडपड असते. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधलं मिनास तिरिथ शहर बहात्तराव्या हिश्शात भागलं, कारण भिंती हलत नाहीत आणि शिंपडतही नाहीत. जुन्या सिनेमात बोट किंवा धरण दिसलं की आधी थेंबांकडे बघावं.

आगीचंही असंच आहे, ज्वाळा लहान होत नाहीत. पण तो प्रयोग करूच नका. उन्हाळ्यात धुऱ्यावर पऱ्हाटी आणि आंगणात तणसाचा ढीग असताना कॅमेऱ्यासाठी आग पेटवणं म्हणजे संकटाला बोलावणं.

१९७७च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये अडचण उलटी होती. अवकाशात स्फोटाचे तुकडे खाली पडायला नकोत, सगळीकडे सारखे पसरायला हवेत. स्टुडिओत गुरुत्व बंद करता येत नाही. मग कॅमेरा खाली ठेवून वर रोखायचा आणि स्फोट त्याच्या डोक्यावर करायचा. तुकडे खालीच येतात, पण कॅमेऱ्याच्या दिशेने, त्यामुळे पडद्यावर ते फुलत गेल्यासारखे दिसतात. ही युक्ती मला आजच्या संगणकी स्फोटांपेक्षा सरस वाटते. त्याच सिनेमासाठी संगणकाने हलणारा कॅमेराही बनवला होता. यानाचा नमुना फारसा हलत नसे, कॅमेराच रुळावरून त्याच्याजवळून जाई आणि तीच चाल हवी तितक्यांदा तंतोतंत परत करता येई. कॅमेरा चालू गतीत फ्रेम टिपत असल्याने यानाच्या कडा हालचालीत हव्या तशा पुसट येत. १९३३च्या ‘किंग काँग’मधला बाहुला प्रत्येक फ्रेमला स्थिर उभा असे. त्याची हालचाल कडक आणि तुटक का दिसते, त्याचं हे उत्तर.

दुसरी मोठी युक्ती कॅमेऱ्याच्या एका डोळ्यावर उभी आहे. झाडीपट्टीच्या नाटकाच्या मंडपात जंगलाचा रंगवलेला पडदा मधोमध बसलेल्याला खोल वाटतो, कडेला बसलेल्याला तिरपा. सिनेमाचा प्रेक्षक मात्र कुठेही बसला तरी कॅमेऱ्याच्याच जागेवरून बघतो, आणि ती जागा दिग्दर्शकाच्या हातात असते. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये धडधाकट नट बुटके हॉबिट दिसावेत म्हणून त्यांना मागे बसवलं. गाडीवर शेजारी बसलेले दिसणारे उंच जादूगार गँडाल्फ आणि हॉबिट फ्रोडो खरं तर मागेपुढे होते, गाडीची बैठकच तशी फोडून बनवली होती.

आपली बंडी, म्हणजे बैलगाडी, यासाठी उत्तम. एका मुलाला बंडीच्या पुढच्या टोकावर बसवा, दुसऱ्याला त्याच्या मागे एक मीटरवर. मोबाईल बंडीच्या समोर, पहिल्या मुलापासून तीन मीटरवर ठेवा. दुसरा चार मीटरवर असल्याने तो पाऊणपट दिसतो, आणि पहिल्याच्या अगदी आड न येता जरा बाजूला सरकवला की दोघं शेजारी बसल्यासारखे वाटतात. मधली बंडीची पाटी चौकटीत येऊ देऊ नका, अंतर तिच्यावरूनच कळतं. नजरेचा घोळ सगळ्यात जास्त होतो. मुलं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात आणि सोंग फुटतं. पुढच्याने मागे न वळता बाजूला, मागच्याच्या दिसणाऱ्या डोक्याच्या उंचीवर बघायचं. मागच्याने सरळ बाजूच्या रिकाम्या हवेत. हवं तर तिथे काठीला चिंधी बांधून लक्ष्य द्या. सावल्याही चुगली करतात. सूर्य पाठीमागून असला तर दोन सावल्या दोन जागी पडलेल्या दिसतात.

मोबाईल बाजूला सरकवला की दोघं एकमेकांपासून सुटतात, कारण जवळची वस्तू जास्त सरकते. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या चमूने यावरही तोड काढली: कॅमेरा हलला की दूरचा नटही बैठकीसकट हलवायचा. गणित सोपं आहे. तीन आणि चार मीटरच्या मांडणीत मोबाईल दहा सेंटिमीटर डावीकडे गेला, तर मागच्या मुलाने साधारण ३.३ सेंटिमीटर उजवीकडे सरकायचं. मुलाला गुळगुळीत पाटावर बसवून दोघांनी ओढलं तर जमतं. न जमण्याचं कारण बहुतेक वेळा एकच, ओढणारा कॅमेऱ्याच्या मागून निघतो. दोघांनी मिळून आकडे मोजायचे.

१९९३च्या ‘ज्युरासिक पार्क’ची कथाही अशीच कच्ची. झाडाच्या राळेत अडकलेल्या डासातून डायनासोरचा डीएनए मिळवायचा म्हणतात. न्यूझीलंडच्या मोआ पक्ष्यांच्या हाडांवरून २०१२ साली काढलेल्या हिशोबानुसार सुमारे १३ अंश तापमानात हाडातल्या डीएनएचं अर्धं आयुष्य ५२१ वर्षं येतं, म्हणजे दर तेवढ्या काळात तो निम्मा उरतो. डायनासोर संपून ६ कोटी ६० लाख वर्षं झाली. वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला डायनासोरची हाडं आणि दगड झालेलं शेण सापडतं, पण त्यातही डीएनए नाही. त्या शेणात मात्र गवताचे वाळूसारखे सूक्ष्म कण सापडले आणि डायनासोरच्या काळात गवत होतं हे २००५ साली जगाला त्यावरून कळलं. असली गोष्ट एखाद्या सिनेमात यायला हवी होती.

त्या सिनेमातलं पाण्याच्या पेल्याचं दृश्य मात्र अभ्यासासारखं आहे. राक्षसी पावलं येतात आणि पाण्यात गोल वलयं उठतात. खऱ्या पावलांच्या धक्क्याने पाणी नुसतं डचमळलं असतं. सात सेंटिमीटर रुंद पेल्यात ते सेकंदाला साडेतीन-चारदा हेलकावतं. सुबक वलयांसाठी एकसारखं, वेगवान कंपन लागतं. त्यांनी पेल्याखाली गिटारची तार ताणून छेडली होती. आपल्याकडे डीजेच्या बास बॉक्सवर पेला ठेवून ४० हर्ट्झचा सूर लावा. वलयं सुमारे सात मिलिमीटर अंतराने, म्हणजे कडेपासून मधापर्यंत पाचेक दिसतात. मोबाईलच्या स्पीकरला ४० हर्ट्झ झेपत नाही. आवाज हळूहळू वाढवा. जास्त झाला की वलयं मोडून चौकटी दिसू लागतात, आणि आणखी वाढवला तर पाणी बॉक्समध्ये जातं.

‘स्टार वॉर्स’मधल्या बंदुकीचा ‘प्यूव’ आवाज ध्वनिरचनाकार बेन बर्ट यांनी रेडिओ टॉवरला आधार देणाऱ्या ताणलेल्या तारेवर हातोडी मारून मिळवला. अवकाशात आवाज पोचतच नाही, ते सोडा. तारेत उंच सूर आधी पोचतो, खालचा मागाहून, म्हणून एकच ठोका घसरत जाणारा ऐकू येतो. यासाठी विजेच्या खांबाच्या ताणाला किंवा वावराच्या कुंपणाला हात लावू नका. रोही आणि रानडुकरांसाठी लावलेली झटका मशीन चालू आहे की बंद, हे बघून कळत नाही. जत्रेत मिळणारी धातूची लांब स्प्रिंग घ्या, वरच्या टोकात कागदी कप अडकवून ती फांदीला टांगा आणि खालच्या टोकावर चमच्याने टिचकी मारा. प्लॅस्टिकच्या स्प्रिंगमधून काही येत नाही, आणि खालचं टोक जमिनीला टेकलं की धातूच्या स्प्रिंगचाही आवाज मरतो.