भिंतीला तुम्ही किती दिसता?

समोर मोठा पडदा. त्यावर आपलीच कृष्णधवल प्रतिमा, आरशात दिसावी तशी, आणि वरून रंगीत अक्षरं भुरभुरत खाली येतायत. हात आडवा धरला की अक्षरं हातावर साचतात. हात सावकाश उचलला तर त्याच्याबरोबर वर चढतात, झटकन काढून घेतला तर पुन्हा पडायला लागतात. दोघांनी ओढणीची दोन टोकं ताणून धरली तर तिच्यावर शब्द जमतात आणि ते वाचता येतात, कारण ही अक्षरं कशीही सोडलेली नाहीत, एका कवितेच्या ओळींतली आहेत. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या आयटीपी या अभ्यासक्रमातली विद्यार्थिनी कॅमिल अटरबॅक आणि तिचा सहकारी रोमी अखितुव्ह यांचं १९९९ सालचं हे काम, नाव 'टेक्स्ट रेन'. पाहणाऱ्याच्या हालचालीला संगणकाकरवी उत्तर देणाऱ्या कलेतलं हे गाजलेलं उदाहरण. आज ते वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन अमेरिकन आर्ट म्युझियमच्या संग्रहात आहे.

पाहणाऱ्याला हमखास वाटतं की संगणकाला आपला हात 'कळला'. प्रत्यक्षात त्याला हात म्हणजे काय हे माहीत नाही. माणूस म्हणजे काय हेही नाही. प्रत्येक अक्षर फक्त आपल्या पायाखालचा ठिपका तपासतं: ठिपका ठरावीक पातळीपेक्षा काळा आहे का? असेल तर वर सरक, नसेल तर खाली पड. एवढा एकच नियम सेकंदाला अनेकदा चालवला की पाऊस झेलल्याचा भास होतो. मागची भिंत पांढरीशुभ्र आणि भरपूर उजेडात ठेवावी लागते ती यासाठीच. पांढरा सदरा घालून गेलात तर अक्षरं तुमच्यातून आरपार पडू शकतात.

हे गणित जरा जवळून पाहू. ६४० × ४८० मापाच्या साध्या व्हिडिओ चौकटीत ३,०७,२०० ठिपके असतात. प्रत्येकाचे लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे, ० ते २५५ च्या दरम्यान. त्यांचा एक करडा आकडा बनवताना सरळ सरासरी काढत नाहीत. लालाचे सुमारे ३० टक्के, हिरव्याचे ५९ आणि निळ्याचे ११ टक्के घेतात, कारण आपल्या डोळ्याला हिरवा सर्वांत उजळ वाटतो आणि निळा सर्वांत मंद. मग एक सीमा ठरवायची, समजा १००. तिच्या खाली सगळं 'वस्तू', वर सगळं 'रिकामं'. या सीमेला कामातले लोक थ्रेशोल्ड म्हणतात. डिझाइन शाळांच्या वार्षिक प्रदर्शनाच्या आदल्या रात्री विद्यार्थ्यांची जी धावपळ चालते, तिचा बराचसा भाग या एका आकड्यापायी असतो. रात्री ट्यूबलाइटमध्ये १०० वर झकास चाललेलं काम सकाळी खिडकीतून ऊन आलं की कोलमडतं. मग काळे कागद, चिकटपट्टी आणि शिडी.

माझं म्हणणं एवढंच की या कलेचं कसब यंत्राला हुशार करण्यात नाही. यंत्राला कोणती एकच गोष्ट दिसावी आणि बाकी काय दिसूच नये, हे ठरवण्यात आहे.

ही समज सहजासहजी आलेली नाही. १९६९ साली विस्कॉन्सिन विद्यापीठात मायरन क्रूगर आणि सहकाऱ्यांनी 'ग्लोफ्लो' नावाची अंधारी खोली उभारली. जमिनीत दाबाचे सेन्सर, भिंतींवर चमकणाऱ्या नळ्या. माणूस जिथे पाऊल टाकेल त्यानुसार उजेड आणि आवाज बदलणार. लोकांनी धुडगूस घालू नये, वातावरण शांत राहावं म्हणून प्रतिसाद मुद्दाम उशिरा ठेवला होता. झालं असं की खोली आपल्याला उत्तर देते आहे, हे बहुतेकांच्या लक्षातच आलं नाही. क्रूगर कलाकारही होता आणि संगणकशास्त्राचा अभ्यासकही. त्याने यातून धडा घेतला: कृती आणि उत्तर यांचं नातं पाहणाऱ्याला जाणवलं नाही, तर ते असून नसल्यासारखं.

पुढच्याच वर्षीच्या कामात त्याला आणखी एक गोष्ट सापडली, तीही दुरुस्तीच्या गडबडीत. दोन ठिकाणच्या यंत्रांमधला बिघाड शोधताना दोघे जण एकमेकांशी व्हिडिओवरून बोलत होते आणि दोघांच्या हातांची चित्रं एकाच पडद्यावर एकमेकांत मिसळलेली होती. एकाच्या हाताचं चित्र दुसऱ्याच्या हाताच्या चित्रावर आलं की दुसरा नकळत हात बाजूला घेई! खऱ्या हातांमध्ये भरपूर अंतर होतं, तरी धक्का लागू नये म्हणून माणूस सावरत होता. आपल्या प्रतिमेलाही आपण आपलंच अंग मानतो, या निरीक्षणावर क्रूगरचं पुढचं 'व्हिडिओप्लेस' उभं राहिलं. त्यात तुमची फक्त छायाकृती दिसायची आणि एक चिमुकला प्राणी त्या आकृतीवर चढून थेट डोक्यावर जाऊन नाचायचा. गंमत म्हणून हे वाचून सोडू नका. चष्मा किंवा हातमोजे न घालता, नुसत्या शरीराच्या हालचालीने संगणक वापरण्याचे हे फार सुरुवातीचे प्रयत्न होते.

उशीर किती चालतो? साधारण शंभर मिलिसेकंदांच्या आत उत्तर आलं की आपल्याला ते 'लगेच' वाटतं. सेकंदाला ३० चौकटी टिपणारा कॅमेरा एका चौकटीलाच ३३ मिलिसेकंद घेतो. मग संगणकाचा हिशेब, मग प्रोजेक्टरचा स्वतःचा वेळ. शंभराचं अंदाजपत्रक बघता बघता संपतं. सेकंदाला दोन मीटर वेगाने फिरवलेला हात तेवढ्यात वीस सेंटिमीटर पुढे गेलेला असतो आणि पडद्यावरचा हात मागून धापा टाकत येतो.

पडदाच नको असं ठरवलं तर? आयटीपीमध्येच शिकवणाऱ्या डॅनियल रोझिनने १९९९ साली 'वुडन मिरर' केला. लाकडाचे ८३० चौकोनी तुकडे, प्रत्येकामागे एक सर्व्हो मोटर, म्हणजे सांगितलेल्या कोनात जाऊन थांबणारी छोटी मोटर. मधोमध दडवलेला बारीक कॅमेरा. वरून दिव्याचा झोत. तुकडा वर कलला की उजेड झेलून उजळ दिसतो, खाली कलला की सावलीत जातो. समोर माणूस उभा राहिला की खडखड करत लाकूड त्याची आकृती धरतं. व्हिडिओच्या तीन लाख ठिपक्यांपुढे ८३० म्हणजे तीनशे सत्तरावा हिस्सा, तरी माणूस स्वतःला चटकन ओळखतो. ओळख तपशिलातून येत नाही. मी डोकं कलवलं आणि त्यानेही कलवलं, यातून येते. माझ्या मते या क्षेत्रातलं हे आजही सर्वांत देखणं काम आहे, कारण त्यात संगणक असूनही तो कुठे मिरवत नाही.

प्रोजेक्टर वापरणाऱ्यांची एक वेगळीच पंचाईत असते. भिंतीवर चित्र फेकलं की कॅमेऱ्याला माणसाबरोबर तेही दिसतं आणि यंत्र स्वतःच्याच चित्राला उत्तर देत बसतं. उपाय म्हणजे डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश. खोलीत अवरक्त दिवे लावायचे, कॅमेऱ्यावर दृश्य प्रकाश अडवणारी गाळणी चढवायची. मग प्रोजेक्टरचं चित्र कॅमेऱ्याच्या लेखी नाहीच. कॅमेऱ्यातला सिलिकॉनचा सेन्सर सुमारे १,००० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशापर्यंत पाहू शकतो, आपली मजल ७०० च्या आसपास संपते. घरी खात्री करायची असेल तर टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. डोळ्याला काहीच दिसत नाही, बहुतेक फोनच्या पडद्यावर मात्र रिमोटच्या टोकाशी जांभळट ठिणगी लुकलुकते.

नोव्हेंबर २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने खेळांसाठी 'किनेक्ट' बाजारात आणला आणि डिझाइन शाळांच्या प्रयोगशाळांत झुंबड उडाली. हा कॅमेरा अवरक्त ठिपक्यांची नक्षी समोर फेकतो आणि काही सेंटिमीटर बाजूच्या भिंगातून ती पाहतो. बोट नाकासमोर धरून आळीपाळीने एकेक डोळा मिटला की बोट सरकल्यासारखं दिसतं, जवळ असेल तर जास्त, लांब असेल तर कमी. ठिपकाही तसाच सरकतो आणि त्यावरून अंतर निघतं. म्हणजे आता यंत्राला काळं-पांढरं नाही, जवळ-लांब कळायला लागलं. पण ते फक्त कंपनीच्या खेळयंत्रावर चालायचं. न्यूयॉर्कच्या अॅडाफ्रूट या छोट्या कंपनीने ते सर्वांसाठी खुलं करणाऱ्याला बक्षीस लावलं, रक्कम वाढत ३,००० डॉलरवर गेली, आणि आठवड्याभरात हेक्टर मार्टिन या तरुणाने ते जिंकलं. पूर्वी कित्येक हजार डॉलर मोजून मिळणारी ही अंतराची माहिती दीडशे डॉलरच्या उपकरणातून विद्यार्थ्यांच्या हाती आली.

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधून बाहेर पडलेल्या तरुणांच्या रँडम इंटरनॅशनल या स्टुडिओने २०१२ साली तिथल्याच बार्बिकन या कलाकेंद्रात 'रेन रूम' उभी केली. शंभर चौरस मीटरांत धो धो पाऊस, पण तुम्ही जिथे उभे तिथे थेंबही नाही. वर त्रिमितीय कॅमेरे तुमची जागा शोधतात आणि डोक्यावरच्या झडपा बंद होतात. इथे खरी अडचण संगणकाची नाही, गुरुत्वाकर्षणाची आहे. झडप बंद झाली तरी आधी सुटलेले थेंब येणारच. समजा झडप डोक्यापासून दीड मीटर उंचीवर आहे. थेंबाला ते अंतर कापायला साधारण ०.५५ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात सावकाश चालणारा माणूस ६५ सेंटिमीटर पुढे जातो, म्हणजे भोवती मीटरभर कोरडं वर्तुळ ठेवलं की भागतं. तोच माणूस धावला तर दोन मीटरांहून पुढे जातो, आणि भिजतो. त्यामुळे कोणी दरडावलं नाही तरी लोक तिथे हळू चालायला शिकतात. लॉस एंजेलिसच्या संग्रहालयात हे काम आलं तेव्हा प्रेक्षकांना गडद आणि चकचकीत कपडे टाळायला सांगितलं होतं. असे कपडे अवरक्त किरण शोषतात किंवा भलतीकडे उडवतात, मग यंत्राच्या हिशेबी तुम्ही तिथे नसताच. अटरबॅकच्या पावसात पांढरा सदरा अदृश्य, या पावसात काळा.

हे सगळं अमेरिकेतली एमआयटी ही तंत्रसंस्था किंवा आयटीपी यांच्यापुरतं राहिलं नाही, याचं श्रेय साधनांना जातं. केसी रीस आणि बेन फ्राय या एमआयटी मीडिया लॅबच्या विद्यार्थ्यांनी २००१ मध्ये चित्रकारांसाठी सोपी संगणकभाषा काढली, 'प्रोसेसिंग'. इटलीतल्या इव्रेया गावच्या डिझाइन संस्थेत हर्नांडो बारागान या कोलंबियन विद्यार्थ्याने प्रबंधासाठी 'वायरिंग' हा सेन्सर आणि मोटर सहज जोडता येतील असा सर्किट बोर्ड केला आणि त्याच मुशीतून २००५ मध्ये 'आर्डुइनो' हा तसाच बोर्ड आला. नाव गावातल्या बारवरून, बारचं नाव हजार वर्षांपूर्वीच्या राजावरून. (बारागानच्या वाट्याला श्रेय बरंच उशिरा आलं, हे इथे सांगायला हवं.) आज पुण्यात तपकीर गल्लीत नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला 'आर्डुइनो द्या' म्हटलं की दुकानदार उलट 'ओरिजिनल की कॉपी?' असं विचारतो.

आपल्याकडची दोन नावं घेतल्याशिवाय हा विषय पुढे नेता येत नाही. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात शिकून एमआयटीला गेलेल्या प्रणव मिस्त्रीचं 'सिक्स्थसेन्स' २००९ मध्ये गाजलं: गळ्यात कॅमेरा आणि छोटा प्रोजेक्टर, बोटांच्या इशाऱ्यावर भिंतीवरचं चित्र हलतं. सगळे जादूबद्दल बोलले, मला त्याच्या बोटांवरची रंगीत टोपणं जास्त शहाणी वाटतात. कॅमेऱ्याला बोट ओळखायला लावणं अवघड, लाल, निळा, पिवळा ठिपका शोधायला लावणं सोपं. अवघड प्रश्न त्याने सोडवला नाही, टोपण घालून टाळला. जे. जे.त शिल्पकला शिकलेल्या शिल्पा गुप्तांच्या 'शॅडो' मालिकेत तर तुमची सावली पडद्यावर उमटते आणि वरून पडणाऱ्या वस्तूंच्या सावल्या तिला येऊन चिकटत जातात. झटकून जात नाहीत. तंत्र छायाकृतीचंच, क्रूगरच्या काळातलं. वजन मात्र वेगळं.

आता थोडं न दिसण्याविषयी. थ्रेशोल्ड ठरवणारा कलाकार तो आकडा निदान जाणून असतो. उदाहरणांवरून शिकणाऱ्या नव्या प्रणालींत असा सुटा आकडा हाती लागत नाही, तो हजारो छायाचित्रांत विरघळलेला असतो. २०१५ मध्ये जॉय बुओलामविनी ही मीडिया लॅबची विद्यार्थिनी एका वर्गासाठी आरसा बनवत होती. त्यात पाहणाऱ्याच्या चेहऱ्यावर सिंहासारखी एखादी प्रतिमा चढवायची होती. चेहरा शोधण्यासाठी तिने तयार सॉफ्टवेअर घेतलं. त्याला तिचा सावळा चेहरा सापडेना. तिने पांढरा मुखवटा चढवला आणि लगेच सापडला.

तिने आरसा पुरा केलाच, शिवाय हा प्रश्न धरून ठेवला. रवांडा, सेनेगल, दक्षिण आफ्रिका, आइसलँड, फिनलंड आणि स्वीडन इथल्या खासदारांचे १,२७० चेहरे जमवून तिने आणि टिम्निट गेब्रू या संगणक-संशोधिकेने २०१८ साली तीन कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष ओळखायचं, एवढंच काम. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, काळ्या-सावळ्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. पुढच्या वर्षी जाहीर झालेल्या फेरतपासणीत या तिन्ही प्रणाली बऱ्याच सुधारलेल्या होत्या. त्या वेळी आणखी दोन कंपन्या पहिल्यांदाच तपासल्या गेल्या. त्यांतल्या एकीची सावळ्या स्त्रियांबाबतची चूक ३१ टक्क्यांवर होती.